खिडकीतून न दिसणारी इमारत

प्रिय दादा,

तुझी दारूची फॅक्टरी झाली एकदाची. फॅक्टरी म्हटलं की तू भडकायचास, वाइनरी म्हण म्हणून दहादा सुनावायचास, म्हणून मुद्दाम लिहिलं. टाक्या बसल्या, लाकडी पिंपं आली, यंदाच्या द्राक्षांचा पहिला रस खाली तळघरात निवांत पडून आहे. वहिनी रोज जाऊन त्याचा वास घेते आणि मान हलवते. चांगल्या अर्थाने की वाईट, ते मला कळत नाही. तेवढं तुलाच कळलं असतं.

आता खरं सांगते, चिडू नकोस. तुझा मनोरा गेला. इमारत उंच हवी, रस्त्यावरून दिसली नाही तर गिऱ्हाईक समोरून निघून जाईल, हे तुझं पालुपद. मी तो नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि अख्खी इमारत टेकडीच्या पोटात घातली. सगळ्यात वर द्राक्षं उतरवायची, त्याखाली रस आंबवायच्या टाक्या, तळाशी पिंपांचं गार तळघर. रस आपल्या वजनानेच खाली उतरतो, पंप लागत नाही. दार पलीकडच्या उतारावर, घराकडे पाठ. खोदताना निघालेला दगडच भिंतीला लावला. खोदण्याआधी वरची माती मुळांसकट काढून बाजूला राखली होती, ती छतावर परत पसरली, तर तेच गवत उगवलं, तीच बारीक जांभळी फुलं. ठेकेदार कपाळाला हात लावायचे. म्हणायचे, बाई, दाखवायचीच नाही तर बांधताय कशाला? तपासणीला आलेले साहेब तर चक्क छतावर उभे राहून इमारत कुठे आहे म्हणून मलाच विचारत होते. तू असतास तर लोळून हसला असतास, आणि वर म्हणाला असतास, खोडरबर ती खोडरबरच. शाळेत मी चित्र काढायची कमी आणि खोडायची जास्त, पार कागद फाटेपर्यंत. नाव तूच ठेवलंस.

लोकांना मी सांगते की इमारत निसर्गात मिसळून जावी, टेकडीला धक्का लागू नये, वगैरे वगैरे. एका मासिकात फोटोही छापून आला. त्यात अर्थातच काही दिसत नाही. खरं कारण फक्त वहिनीला ठाऊक आहे. ते म्हणजे आईची खिडकी.

आईचं विसरणं तुझ्या आजारपणाआधीच सुरू झालं होतं, पण आता फार वाढलंय. मला ती कधी मावशी समजते, कधी नुसतं ‘अहो बाई’ म्हणते. वहिनी तिच्या लेखी नर्स. खिडकीतली टेकडी मात्र तिला पाठ आहे, आणि तुझं एक वाक्य. दवाखान्यात निघताना तू तिच्या खुर्चीपाशी वाकून म्हणाला होतास, इमारत झाली की मी आलोच बघ. त्यापुढचं काही तिच्या डोक्यात टिकत नाही. तू गेलास हे आम्ही तिला सांगितलं तेव्हा तिने हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी चहा घेताना तिने विचारलं, तो कुठे गेलाय गं? पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच रडणं, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. दादा, एका आईसमोर तिचा मुलगा किती वेळा मारायचा? शेवटी वहिनीच मध्ये पडली, पुरे म्हणाली. तिची स्वतःची दशा काय होती ते मी बघत होते. मग आईच टेकडीकडे बघत म्हणाली, अजून इमारत कुठे झालीये, झाली की येईल. आणि निमूट चहा प्यायली. त्याच दिवशी मी तुझा नकाशा गुंडाळला.

टेकडी खणलेली दिसायची तेव्हा ती म्हणायची, काम चाललंय. गवत उगवलं तसं तेही विसरली. रोज टेकडी बघायची, इमारत दिसायची नाही, आणि तुझी यायची वेळ झालेली नसायची. बरं चाललं होतं आमचं.

मी चुकले ते मातीच्या बाबतीत. छताला वजन पेलवायला हवं म्हणून मी मातीचा थर पातळ ठेवला. थंडीत काही जाणवलं नाही. ऊन तापायला लागलं, मुळांना खाली जागा नाही, तर छतावरचं गवत बाकीच्या टेकडीच्या आधी वाळलं. हिरव्या टेकडीवर पिवळा चौकोन उमटला, पट्टी लावून आखल्यासारखा. माझ्या लक्षात यायच्या आधी तो आईच्या लक्षात आला.

आज सकाळी तिने मला हाक मारली, ‘खोडरबर, इकडे ये.’ इतक्या महिन्यांनी तिने मला ओळखलं, तेही तू ठेवलेल्या नावाने. मी धावत गेले. तिने खिडकीकडे बोट केलं. म्हणाली, ‘झाली की गं इमारत. त्याला पत्र लिही. आता ये म्हणावं.’ वहिनी दारातच होती, ती तशीच मागे फिरली. आता छतावर पाइप लावून पाणी मारतेय, इथून दिसतेय मला. आठवड्याभरात चौकोन पुसला जाईल, आई हेही विसरेल. पण ते पुढचं. आत्ता ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आहे. पेन थांबलं की काय झालं म्हणून विचारते, म्हणून मी इतकं लिहीत राहिले. वाचता येत नाही तिला आता, तरी तिच्यासमोर खोटं लिहायला हात धजेना. मघाशी तिने विचारलं, काय लिहिलंस? मी एवढंच वाचून दाखवलं, दादा, इमारत झाली, ये. तिचं समाधान झालं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, ‘पत्ता नीट घाल हं.’

तुझीच,
खोडरबर