अळ्यांची शेड नणंदेच्या नावे

मी, खाली सही करणारी, रेशमाच्या कोषांच्या धंद्यामुळे जिला सगळे कोषवाली म्हणून ओळखतात, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तरीही कोणाला शंका आली, तर त्याने पुढचा मजकूर दोनदा वाचावा.

१. राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलाला मिळावी. मुलगा गुणी आहे. रेशमाच्या अळीला हात लावायचा म्हटले की मात्र त्याच्या अंगावर काटा येतो, त्याला कोण काय करणार.

२. अळ्यांची शेड, आतले रॅक, फवारणीचा पंप, मागचा तुतीचा मळा आणि बांधावरची शेवग्याची झाडे माझ्या धाकट्या नणंदेला मिळावीत. यावरून घरात बोलाचाली होईल, म्हणून कारण लिहिते.

नणंद सासर सोडून परत आली तेव्हा आमचा धंदा बसत चालला होता. अळ्या मरगळलेल्या, कोष कागदासारखे पातळ. धागा काढणारा कारखानदार ते बोटांत दाबून म्हणायचा, "वहिनी, हे फुंकलं तर उडेल." यजमान शेड मोडायला निघाले होते. नणंदेने आम्हा दोघींसाठी अळ्यांचे आणखी एक पीक मागून घेतले. शेवग्याचा पाला खाऊन सासरच्या शेळ्या तरारलेल्या तिने पाहिल्या होत्या. त्याचा अर्क तुतीच्या पानांवर मारून बघू, असे तिच्या मनात होते. यजमान हसले, पण पीक दिले.

पहिला अर्क आम्ही दाट केला. अळ्यांनी पानांकडे पाठ फिरवली आणि बऱ्याच उपाशी मेल्या. मी हात टेकले.

नणंद म्हणाली, "वहिनी, त्यांना कडू लागलं असेल. पातळ करून बघू."

उरलेल्या अळ्यांनी शेवटची कात टाकल्यावर आम्ही पातळ अर्क फवारला आणि पाने सावलीत सुकवून मगच घातली, कारण ओल्या पानांनी अळी आजारी पडते. निम्म्या रॅकना मुद्दाम साधा पाला ठेवला, म्हणजे आपणच आपली फसवणूक करायला नको. कारखानदाराने दोन्हीकडचे कोष दाबले, अर्काकडचे पुन्हा दाबले, आणि त्यांची टोपली स्वतःकडे ओढली. शेड मोडायचा विषय तिथेच संपला.

३. अर्काची कृती कोणाच्याही मालकीची नाही आणि ती कोणी विकू नये. बाजारातल्या एका औषधविक्याला ती बाटलीत भरून आपल्या नावाने खपवायची होती, यजमानही तयार झाले होते. मी आसपासच्या सगळ्या कोषवाल्यांना अंगणात बोलावले आणि नणंदेकडून त्यांच्यासमोर अर्क करवून घेतला. यजमान हंगामभर माझ्याशी बोलले नाहीत. कोष वेचायला मात्र रोज माझ्याच शेजारी बसत. माणूस चांगला होता.

औषधविक्याने माझ्या अंत्ययात्रेला जरूर यावे. भाषण करू नये.

४. मागे मुलगा म्हणाला, "आत्याला वेगळं काय द्यायचंय? ती राहतेच आहे की इथे."

मी म्हटले, "राहणं वेगळं आणि स्वतःचं असणं वेगळं. तिला इथून जा म्हणायचा हक्क मी कोणाला ठेवणार नाही. तुलाही नाही."

दुसऱ्या दिवशी वकिलांना घरी घेऊन आला तो तोच.

५. मी जाईन त्या दिवशी शेडमध्ये अळ्या असल्या, तर आधी त्यांना पाला घालावा, मग मला न्यावे.

६. नणंद माझ्याआधी गेली तर शेड कोणाला, असे वकिलांनी विचारले. ती पाल्याची पाटी घेऊन दारातूनच म्हणाली, "लिहा, तिला आधी जायला सवड नाही. अळ्या कात टाकून भुकेल्या उठल्यात." एवढे बोलून ती शेडमध्ये गेली. म्हणून हे कलम तिच्या सांगण्यावरून असेच ठेवले आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या मनासारखा उतरला आहे.

सही: कोषवाली

साक्षीदार, आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. कारखानदार (सही)
२. डॉक्टर (सही)

ठिकाण: राहत्या घराची पडवी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२३