तुमच्या हाताचा दोरा

अण्णा, तुमचा मोडलेला उजवा हात पुन्हा आठवतोय, कारण आता माझाही तोच हात प्लास्टरमध्ये आहे. हे डाव्या हाताने लिहितोय, अक्षर बघून तुम्ही हसला असता. इथे अमेरिकेत, शॉमबर्गच्या आसपास आपल्या लोकांचं विहार नाही, म्हणून रविवारी आम्ही थाई लोकांच्या विहारात जातो. तिथल्या पार्किंगमध्ये एका थाई मुलीने बर्फावर गाडी रिव्हर्स घेताना मला पाडलं. इथे धडक देणाऱ्याला सॉरी म्हणायची चोरी, म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं होतं. मित्र फोनवर म्हणाला, "यार, तू काही बोलू नकोस, सरळ इन्शुरन्सचा क्लेम फाइल कर." मी गप्प बसलो. गप्प बसणं आपल्या घराण्याला चांगलंच जमतं, नाही का? मग बायकोने वरण-भात कालवून दिला.

तुम्हाला ट्रॅक्टरने उडवलं तेव्हा आई पोलीस ठाण्यात निघाली होती. पंचांनी तुम्हाला बोलावून घेतलं, चावडीच्या पायरीखाली उभं केलं आणि म्हणाले, "गावातलं गावात मिटवू." ट्रॅक्टर सरपंचाच्या पुतण्याचा. तो आलाच नाही. दवाखान्याचा खर्च कुणाच्या तरी हाती पोचता केला, आणि तुम्ही घरी येऊन "मिटलं" एवढंच बोललात. हात वाकडाच राहिला. जेवताना घास सांडला की तुम्ही मान वर करायचा नाहीत, आई दुसरीकडे बघायची. मला त्या "मिटलं"चा अजून राग येतो, अण्णा.

काल ती मुलगी घरी आली. सोबत विहारातले आजोबा होते. तिकडे थायलंडमध्ये ते कित्येक वर्षं गावप्रमुख होते, कोर्टात जाण्याआधी गावातले तंटे त्यांच्याच ओसरीवर यायचे. मुलीने फुलं आणि मेणबत्ती पुढे ठेवली, गुडघे टेकले आणि "चूक माझी आहे" म्हणून रडायला लागली. आजोबा तोडक्या इंग्रजीत सांगत होते, की इजा झाली की माणसाचा जीव घाबरून अंगातून निघून जातो. हाड जुळलं तरी तो परतत नाही. ज्याने इजा केली त्यानेच त्याला बोलवायचं आणि मनगटावर दोरा बांधायचा. तोवर नुसत्या खर्चाने त्यांच्या गावात काही मिटत नाही. तिने माझ्या डाव्या मनगटावर पांढरा दोरा बांधला आणि मला हुंदका आवरेना. तुमची नात घाबरून विचारते, "बाबा, व्हाय आर यू क्रायिंग?"

मग मी तुमचं सगळं सांगितलं, तो वाकडा हात घेऊनच तुम्ही गेलात, तेही. आजोबांनी विचारलं, "त्यांच्या जिवाला कुणी बोलावलं?" मी म्हटलं, कुणीच नाही. त्यांनी दुसरा दोरा काढला. "बांधणारा आला नाही, तर गावाच्या वतीने त्यांचा दोरा मी तुझ्या मनगटावर बांधतो. मी प्रमुख होतो. तू फक्त कुठल्या घरी यायचं ते त्यांना सांग."

जीव-बीव निघून जात नसतो, हे तुम्हीच शिकवलंत. ऐकलं असतं तर झापलंच असतं मला. तरी मी बोलावलं. आपल्या गावाचं नाव ओठांवर आलं होतं, पण तुम्हाला पुन्हा त्या चावडीपाशी पाठवायला मन धजेना. इथलाच पत्ता सांगितला, तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार.

हे पत्र टाकणार कुठे? एक मात्र सांगून टाकतो. एवढ्या थंडीत बायको दोनदा ओरडली, तरी आज सकाळपासून मी दाराला कडी लावलेली नाही.