एक नंबरची सही

१ जुलै, मंगळवार

आजपासून रोजनिशी. आमच्या शाळेत आता इतिहास घडणार आहे आणि तो कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजे. तो घडवणाराही मीच असल्यामुळे तपशील चुकणार नाहीत.

झालं असं की, नवीन मुख्याध्यापिका मिनल मॅडम (वय चौतीस, मी नोकरीला लागलो तेव्हा त्या पहिलीत असतील) यांनी फर्मान काढलं. प्रत्येक शिक्षकाने शिकवतानाचे फोटो ॲपवर टाकायचे. रोज पाच. ज्याचे कमी, त्याला नोटीस.

आम्ही चौघं जुने. मी, तुळसाबाई, मधुसूदन सर, धम्मानंद सर. स्टाफरूममध्ये मी साफ सांगितलं, आपण वरच्या ऑफिसला निवेदन देऊ. एक नंबरवर माझी सही राहील. काही झालं तर पहिला वार माझ्यावर. तुळसाबाई म्हणाल्या, "तुमच्याच भरोशावर आहो बाप्पा आम्ही, सर." छाती भरून आली.

संकल्प: मॅडमच्या केबिनमधला चहा बंद. फोटो एकही नाही. बीपीची गोळी वेळेवर.

२ जुलै, बुधवार, सकाळी ११.२०

केबिनमध्ये चहा घेतला. कप समोर ठेवल्यावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. बिस्किट मात्र घेतलं नाही. अर्धं घेतलं.

फोटो दोन टाकले. तेही निषेध म्हणूनच, एकात फळा मुद्दाम तिरपा आहे.

तुळसाबाईंनी एकही टाकला नाही. मॅडमनी विचारलं तर म्हणाल्या, पोट्टे वाचून राहिले होते, मधात कुठे थांबवू? त्यांच्याकडे चौथी. ज्यांना अक्षर फुटत नाही ते पोट्टे त्यांच्या हाताखाली दिवाळीपर्यंत धडा वाचतात, हे खरं आहे. मे महिन्यात धंतोलीच्या दवाखान्यात टोंगळ्याचं, म्हणजे गुडघ्याचं, ऑपरेशन झालं, तरी सुट्टी वाढवली नाही. रिटायर व्हायला दहा महिने. अशा बाईंसाठी तर लढलंच पाहिजे.

४ जुलै, शुक्रवार

निवेदन तयार. स्वहस्ते लिहिलं. माझं अक्षर म्हणजे मोती, शाळेचा रोजचा सुविचार फळ्यावर मीच लिहितो. शेवटचं वाक्य, 'आम्हांस शिकवू द्यावे, ही विनंती.' मधुसूदन सरांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, पहिली सही तुमची ना?

अर्थात. खाली एक ते चार आकडे टाकले. पण हातातलं पेन निळं निघालं. अशा कागदावर काळी शाई शोभते. म्हटलं, सोमवारी काळं पेन आणतो. तुळसाबाई म्हणाल्या, मग तवरीक आम्ही करून टाकतो. एकची जागा सोडून त्यांनी दोनवर सही केली. नेत्याची जागा घ्यायची नाही, हा त्यांचा मोठेपणा. बाकी दोघांनी तीन आणि चारवर केली. निळ्याच शाईने.

७ जुलै, सोमवार

काळं पेन घरी विसरलं.

घरी आल्यावर शोभा म्हणाली, पेन तर तुमच्या शर्टाच्या खिशातच होतं. अठ्ठावीस वर्षं ती माझे खिसे तपासून राहिली आहे, पण आंदोलनातलं तिला काय समजणार.

९ जुलै, बुधवार

निवेदन द्यायचा दिवस. उठलो तर डोकं जड. बीपी १३०/८४. शोभा म्हणाली, हे तर नेहमीचंच आहे. पण माझं शरीर मला माहीत.

तुळसाबाईंना फोन करून सांगितलं, तुम्ही देऊन या, माझ्या सहीचं मी मागाहून पाहतो, तिथे माझी ओळख आहे. त्या एवढंच म्हणाल्या की बरं, आराम करा. हुडकेश्वरहून बसने गेल्या. टोंगळ्याचं मी विसरलोच होतो, नाहीतर ऑटोने जा म्हटलं असतं.

दुपारी सक्करदऱ्याला तर्री-पोहे खाल्ले. तर्री दोनदा घेतली. डोकं उतरलं.

११ जुलै, शुक्रवार

वरच्या ऑफिसचे साहेब स्वतःच शाळेत आले. आम्हा चौघांना केबिनमध्ये बोलावलं. हातात निवेदन. त्यांनी विचारलं, ही एक नंबरची जागा रिकामी काहून आहे? पुढारी कोण याचा?

मधुसूदन सरांनी माझ्याकडे पाहिलं. धम्मानंद सरांनी स्वतःच्या बुटांकडे. मी घसा खाकरला. साहेब माझ्याकडे वळले, काही म्हणायचं आहे का विचारलं.

मी म्हणालो, "पंखा थोडा कमी करू का, साहेब?"

त्यांनी नको म्हटलं. मग तुळसाबाई उठल्या. उठायला वेळ लागला, टेबलाला धरून उठल्या. "पहिली माझीच समजा, साहेब. एक घर खाली झाली फक्त."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

मी बोलणारच होतो. योग्य क्षण पाहत होतो. त्यांनी मधातच बोलून टाकलं, त्याला मी काय करणार.

१२ जुलै, शनिवार

जेवण गेलं नाही. पित्त असेल.

संकल्प: सोमवारी सकाळी दहाला मॅडमना सांगणार की निवेदन माझं, अक्षर माझं, कल्पना माझी. जे व्हायचं ते होऊ दे.

१४ जुलै, सोमवार

दहाला गेलो. दहा पाचला म्हणू. मी तोंड उघडायच्या आत मॅडमच म्हणाल्या, सर, तुमचं अक्षर फार सुंदर आहे, रोज सुविचार वाचते मी. आणि माझ्याकडे पाहत राहिल्या.

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी काहीच बोललो नाही. त्यांनीही पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं इथे लिहायला घेतलं होतं. खोडतो. मग त्यांनी मला शाळेचा फोटो-प्रमुख नेमलं. सगळ्यांचे फोटो वेळेवर जातात की नाही, ते मी पाहायचं. मी थँक यू म्हणालो. चहा आला. बिस्किट पूर्ण खाल्लं.

१६ जुलै, बुधवार

ऑर्डर आली. तुळसाबाईंची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस. वर्ग दुसऱ्या माळ्यावर.

मधुसूदन सर आणि धम्मानंद सरांनी लेखी माफी दिली, ते सुटले. माफीनामे मीच लिहून दिले. त्यांचा आग्रह होता, अक्षर चांगलं म्हणून.

१९ जुलै, शनिवार

तुळसाबाईंचा निरोप समारंभ. शाल, नारळ, आणि मी लिहिलेलं मानपत्र. वाचलंही मीच. 'सत्यासाठी निर्भयपणे उभ्या राहणाऱ्या' इथे आवाज बसला. लोकांना वाटलं गहिवरलो. टाळ्या पडल्या. नंतर ॲपसाठी पाच फोटो काढले, ड्युटीच आहे.

गेटपर्यंत सोडायला गेलो. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. निवेदनाची झेरॉक्स, ऑफिसच्या शिक्क्याची. म्हणाल्या, "ही तुमची कॉपी, सर. तुमची सही राहिली होती." रागावून नाही. जशी पोट्ट्याला राहिलेली वही देतात, तशी दिली. पुढे म्हणाल्या, चौथीतले सहा जण अजून जोडाक्षराला अडून राहिले आहेत, तेवढं पाहा. मग शाल पिशवीत कोंबून बसकडे गेल्या. पाय ओढत.

मी ऑटो थांबवायला हात वर केला होता. ऑटो थांबला तोवर त्या बसमध्ये होत्या. ऑटोवाला ओरडला, त्याचं बरोबर होतं.

२० जुलै, रविवार

सकाळी कागद उघडला. दोन, तीन, चार. वर एकची जागा कोरी.

लिहितो तर लिहितो. काळ्या शाईचं काही नव्हतं. बीपीचंही नव्हतं. मी भ्यालो. त्या तसल्या टोंगळ्याने टेबलाला धरून उठल्या अन् मी बसून राहिलो. मले माझीच लाज वाटून राहिली आहे, आणि ही गोष्ट सांगावी असं माणूस एकच, ते मी घालवलं.

काळं पेन घेतलं आणि एक नंबरवर सही केली. झेरॉक्सवर. चांगली आली.

शोभा मागे येऊन उभी होती. कागद पाहिला, शिक्का पाहिला, तारीख पाहिली.

"आता?" म्हणाली, आणि भाजी निवडायला गेली.

उद्या सोमवार. चौथीचा वर्ग मॅडमनी माझ्याकडे दिला आहे. पाच फोटो साडेअकराच्या आत टाकायचे आहेत.