अंगणातली बाज

रुद्रेशदादा,

१. लातूरचं कोचिंग अर्धवट टाकून तू घरातून गेलास.
२. ऑनलाइन गेममध्ये मी वैद्यबाई आहे. तिथे मला एक अनोळखी सरदार भेटला.
३. त्याला दगडी महाल मिळाला, तरी तो अंगणातच झोपतो.

“महाल काय उंदरांसाठी बांधला, सरदार?”

“दगडाचा भरवसा न्हाई, वैद्यबाई.”

किल्लारीच्या भूकंपातून वाचलेले अप्पा रोज हेच म्हणतात आणि तुझी रिकामी बाज स्वतःच्या बाजेशेजारी अंगणात टाकतात.

त्यावरून मी तुला ओळखलं, पण माझी ओळख दिली नाही. दिली तर तू गेममधूनही जाशील. तिथल्या दोन चंद्रांच्या उजेडात तू झोपतोस, मी जागी बसते. म्हणून हे पत्र अजून पाठवलेलं नाही.

पाठवलंच, तर आठवड्याभरात उत्तर दे: अप्पांना सांगू का?

अक्षरा