बाबांचे चार चष्मे

दि. ९, शनिवार. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब घातल्यामुळे दुपारपर्यंत अक्षर दिसेना, म्हणून चष्म्याचे दुकान उघडले नाही. आता दिसते आहे.

ती. ताईस, धाकट्याचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? बाबांना जाऊन सव्वा महिना झाला. तू आली नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही (म्हटले तरी तू ऐकून घेशील, असे नाही).

थेंब घातल्यावर आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसवतात. मला हाक आली तेव्हा मी आतल्या खोलीचे समजून कपाटाचे दार उघडले आणि फाइलींच्या गठ्ठ्याला "येऊ का?" असे विचारले. तीस वर्षे लोकांना दिसावे म्हणून काचा घासणारा मी! हाक मारणाऱ्या बाई हसल्या. मीही हसलो, दुसरे काय करणार? आत डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला. बाबांचाही दोन वर्षांपूर्वीचा फोटो त्यांच्याकडे होता, तो त्यांनी दाखवला. बाबांचा पडदा बराच पातळ झाला होता. ज्यांची स्मरणशक्ती जाते, त्यांच्यापैकी काहींचा पडदा असा पातळ झालेला आढळतो म्हणे. नुसत्या फोटोवरून ठाम सांगता येत नाही, असेही ते दोनदा म्हणाले.

ताई, आणि मी काय करत होतो? बाबांनी शेजाऱ्यांना ओळखले नाही, की मी नंबर तपासायचो. दोन वर्षांत चार चष्मे केले. तक्त्यावरची शेवटची ओळ ते घडाघडा वाचायचे आणि मला म्हणायचे, "तुमचा हात चांगला आहे हो. आमचा धाकटाही याच धंद्यात आहे, पण त्याला यायला सवड कुठे!" मी मान डोलवायचो. त्यांची थट्टा करायची सवय आपल्याला माहीत होतीच, म्हणून मी तेही थट्टेवारी नेले.

मग तुझे ते येणे. आदल्या खेपेस त्यांनी तुला ओळखले नाही म्हणून तू रडलीस, तेव्हा मीच नंतर तुला फोन करून सांगितले, की नंबर बदलला होता, आता नवा चष्मा केलाय, ये. तू सासूबाईंना घेऊन आलीस. बाबांनी नवा चष्मा लावला, तुला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "वा, आता अगदी स्वच्छ दिसतंय. या बाई कोण?"

तू समजलीस, दिसत असून ओळख नाकारली. तुझ्या लग्नाचा राग अजून धरलाय. तू पायरी उतरलीस ती उतरलीसच. राग नव्हता, ताई. डोळ्यांचा दोषही नव्हता. चूक माझी होती. मी तुला बोलावले नसते, तर तू शेवटी त्यांच्याजवळ असतीस.

तुझा,
धाकटा

ता. क. माझा फोटो ठीक आला. काळजी नसावी.

ता. क. २. वरचे पूर्ण खरे नाही. माझाही पडदा वयाच्या मानाने पातळ आहे. त्यावरून काही ठरत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, असे डॉक्टर म्हणाले. पण घरात मी एकटा. एकच गोष्ट मी दोनदा सांगितली, तर मला ते कळवणार कोण? चार दिवस राहायला ये. लहानपणी टोकायचीस तशीच तोंडावर टोक, मी रागावणार नाही.

वाळत घातलेले कपडे अजून बाहेरच आहेत. ते काढून घड्या घालतो.