सौसरच्या शारदोत्सवातला पहिला नंबर

पांढुर्णा, रविवार, २२ नोव्हेंबर २००९

आई,

आज सुट्टी. सकाळी नववीच्या वह्या तपासल्या. हे जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेले आहेत. दुपारी नागपूरहून तुझ्या नातीचा फोन आला. तू तिला पाहिलं नाहीस. तिच्या कॉलेजातून सौंदर्य स्पर्धेसाठी तिची निवड झाली आहे आणि उद्या सकाळी हो की नाही ते कळवायचं आहे. तिने सरळ विचारलं, "मम्मी, तू जिंकली होतीस न? मग पुढे काही फायदा झाला का त्याचा?" मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. तेव्हापासून बसून आहे. हे तुला विचारायला हवं, म्हणून लिहिते.

ते साल चौऱ्याऐंशी असेल. सौसरच्या शारदोत्सवात दरवर्षी रांगोळी आणि भजनांच्या स्पर्धा व्हायच्या. त्या वर्षी नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यात सौंदर्य स्पर्धा घातली आणि तू माझं नाव दिलंस. तू स्वयंपाकघरात पोळ्या लाटते आहेस आणि बाबा दारात उभे आहेत, हे अजून दिसतं.

"पोरीले स्टेजवर उभी करतेस? लोकं काय म्हणतील?"

"लोकं तसेही पाहायले येऊनच राहिले न! पोहे खाऊन जातात अन् महिन्याभरानं नाही म्हणून कळवतात. तिथं निदान कोण जिंकलं ते तिथल्या तिथं सांगतात."

तू तव्यावरची पोळी उलटलीस, आणि विषय संपला.

तुझी मोतिया रंगाची साडी नेसून मी मांडवात चालले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोणता पदार्थ उत्तम येतो? मला खोटं सुचलं नाही. म्हटलं, भाकरी येते, पण गोल होत नाही. सगळा मांडव हसला. आधी मला मेल्यासारखं झालं, मग बायका टाळ्या वाजवायला लागल्या. घरातसुद्धा मोठ्याने न बोलणाऱ्या मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की लोक हसले तरी आपण उभे राहतो. पहिला नंबर आला. बक्षिसाचा स्टीलचा डबा तू आठवडाभर शेजारणींना दाखवलास.

पण त्यानंतर तू जे केलंस ते फक्त तूच करू शकत होतीस. माझ्या लग्नाच्या बायोडाटात बी.एस्सी., शिवणकाम आणि भरतकाम यांच्या खाली तू बाबांकडून लिहून घेतलंस, "सौंदर्य स्पर्धेत प्रथम." तुला वाटलं, मॅट्रिकच्या फर्स्ट क्लाससारखं तेही लिहायचं असतं. मोहगावचे लोक पाहायला आले. संत्र्याचा मोठा बगीचा, मुलगा शांत. मुलाच्या आत्याबाईंनी तो कागद वाचला आणि बशी खाली ठेवली.

"म्हंजे, स्टेजवर सगळ्यायनं पाह्यली का हिले?"

"हो न," तू म्हणालीस. "तुम्हीच तेवढे राह्यले होते."

मी आत चहा गाळत होते. हसू दाबत होते. ते लोक गेले, आणि ही गोष्ट सौसरपासून पांढुर्ण्यापर्यंत पसरली. मग कितीतरी महिने कोणी आलं नाही. बाबा रोज संध्याकाळी तुझ्यावर चिडायचे, ती ओळ खोडून टाक म्हणायचे. तू खोडली नाहीस. "येत नाहीत तर नाही. तवर शिकू द्या तिले. रिकामी बसून काय करन?" त्या रिकाम्या दिवसांतच मी छिंदवाड्याला बी.एड. केलं. पांढुर्ण्याच्या शाळेत लागले आणि त्याच पावसाळ्यात तू गेलीस. पहिल्या दिवशी वर्गात पोरं खिदळली तेव्हा मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले, हे तुला सांगायचं राहून गेलं. पुढे याच शाळेत हे भेटले. ह्यांनी बायोडाटा मागितलाच नाही.

तर लेकीला काय सांगू? जिंकल्यामुळे माझं स्थळ मोडलं आणि स्थळ मोडल्यामुळे शिक्षण झालं. पण तू घरात नसतीस तर नुसतं स्थळच मोडलं असतं. म्हणजे नंबराने काय केलं आणि तू काय केलंस, हे मला आजही वेगळं करता येत नाही. गणित शिकवते, तरी नाही.

मघाशी तिला फोन केला. म्हटलं, जा. जिंकलीस तर चांगलंच. हरलीस तर घरी ये, मी आहे. ती म्हणाली, "मम्मी, तू रडून राहिलीस का?" मी नाही म्हटलं.

एक राहिलं. तू नाव दिलंस म्हणून मी त्या स्पर्धेत गेले, असं मी सगळ्यांना सांगत आले. तुलाही तसंच वाटत असेल. पण आई, मला जिंकायचं होतं. खूप.

हे अजून आले नाहीत. उठते, तांदूळ धुऊन कुकर लावते.