आवाज ठेवायची डिस्क

सोम. ३ नोव्हें.
पूजा स. साडेपाचला. यांना दूध-भात गेला, पोळी नाही.
नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून (यांच्या घशातली आवाजाची पेटीच काढायची, नंतर बोलणं नाही) लेकीनं, अर्चूनं एकच ध्यास घेतलाय, अण्णांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. आज सोमवारचं भजन ठरलं होतं. मानवतच्या मोंढ्यात जन्मभर धान्याची हर्राशी, लिलाव पुकारलेला माणूस, चार ओळी म्हणताना दोनदा पाणी मागितलं. पण पूर्ण म्हणले. नंतर बघतो तर जुना कम्प्यूटर अडकलेला. आतली डिस्क कुरकुरली, मग गप. काही राहिलं नाही.
परत म्हणा म्हणायची छाती झाली नाही. यांनीच हातानं खूण केली, राहू द्या.

बुध. ५
पौर्णिमा. उपास.
अर्चू नवा कम्प्यूटर घरीच जोडायलीय. तिच्या शिकवण्यांच्या पैशातून एकेक भाग आणून ठेवले होते. देवघराच्या खोलीत चादरीवर सगळं मांडलंय, चुलीजवळ भांडी मांडावीत तसं. फक्त डिस्क राहिली. फिरणारी, कुरकुरणारी नको म्हणे, एसएसडी घ्यायची. बोटभर पट्टी असते, आत काहीच फिरत नाही.
मी विचारलं, बिघडायच्या आधी ही कुरकुरते का?
"न्हाई आई. ही बहुतेक न सांगताच जाती."
मग कशाला घ्यायची? दिवसभर तेच डोक्यात. डाळ करपली तेव्हा कुठं… असो.

शुक्र. ७
आज तिनं नीट समजावलं. पट्टीत बारीक खण असतात. एका खणात तीन आकडे ठेवणारी एक जात, चार ठेवणारी दुसरी. चारवाली स्वस्त, जागा भरपूर, पण लवकर झिजते आणि भरत आली की मंदावते. म्हणलं, एका डब्यात चार डाळी कोंबल्यावर काय होणार. तीनवालीच घे.
तिला सगळ्यात वेगवान पाहिजे होती. पण तीच म्हणाली, आपल्या कम्प्यूटरच्या बोर्डावर तेवढा वेग मिळणारच नाही. मग त्याला पैसे का घालायचे? तोंड बारीक केलं, पण पटलं तिला.
आणि कितीही चांगली घेतली तरी एकीवर भरवसा ठेवायचा नाही, दुसरीकडं नक्कल पाहिजेच, हे तिनं दोनदा सांगितलं.
यांचा आवाज दुपारनंतर पार बसतो. सकाळचाच तेवढा आता.

शनि. ८
परभणीला जाऊन आलो, एसटीनं. यांच्याजवळ शेजारच्या काकू बसल्या.
दुकानदार दुप्पट जागेची दाखवायला लागला, किंमत निम्मी, नाव कधी कानावर न आलेलं. "ताई, समदे हीच नेतात." गॅरंटी विचारली तर म्हणाला, मी हाय ना. माणूस गोड होता, पण तो असून काय उपयोग. अर्चूनं तीनवाली मागितली, जागा कमी, कंपनीची पाच वर्षं गॅरंटी. डब्यावरचा नंबर मोबाईलवर जुळवून बघितला, मगच हो म्हणाली. मी पदरातून पैसे काढून दिले. या वेळी घासाघीस केली नाही, जीभच उचलली नाही.
येताना डबा मांडीवर धरून आणला. कंडक्टरनं विचारलं, काय, पेढे हायेत का?

रवि. ९
काय करून बसले मी.
आपल्यात नवी वस्तू घरात आली की आधी महादेवापुढं, मग भस्माची तीन बोटं. शिलाई मशीनला लावलं, मिक्सरला लावलं, यांच्या सायकलीला लावलं. आज अर्चू अंघोळीला गेली तेव्हा डबा उघडला, पट्टी पाटावर ठेवली आणि ओलं भस्म ओढलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोकाच्या सोनेरी दातांवरूनसुद्धा.
अर्चू आली, बघितलं, खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मग यांच्या इंजेक्शनचं स्पिरिट आणलं, कापसानं एकेक दात पुसायला लागली. हे खाटेवरून बघत होते.
"मला तर रोज लावायलीय ती. मी अजून चालायलोय की."
अर्चूला हसू फुटलं. हेही हसले आणि ठसका लागला. पाठ धरून बसले मी बराच वेळ.
दुपारी पट्टी बसवली. कम्प्यूटरला दिसेना.
रात्री जेवले नाही.

सोम. १०
दिसली.
सकाळी परत काढून पुसली, उन्हात नाही, पंख्याखाली वाळवली, बसवली. दिवसभर अर्चू तिच्यात काहीबाही भरत होती, पुसत होती. टिकली म्हणाली. "पण आता गॅरंटीचं इचारू नको."
भरवशाची म्हणून घेतली, आणि भरवसा माझ्याच हातानं… महादेवाला काय म्हणू, तुझंच भस्म.
दुसरी आणायची का विचारलं. नको म्हणाली, आहे त्यातच करू, नक्कल मोबाईलात आणि पेन ड्राइव्हवर ठेवू.

बुध. १२
स. सातला बसलो. यांनी टोपी घातली, मोंढ्याला निघताना घालायचे तशी. अर्चूनं माइक पुढं सरकवला. भजन नको म्हणाले.
"ते ज्याचं होतं त्यानं त्या सोमवारीच ऐकलंय."
आणि हर्राशी सुरू केली. सोयाबीनची. आवाज फाटलेला, पण चढत गेला. डोळ्यांसमोर ढीग असल्यासारखे मान वळवत होते, या व्यापाऱ्याकडं, त्या व्यापाऱ्याकडं. शेवटचा भाव पुकारला. एक म्हणले. दोन म्हणले. तीन म्हणलं की माल सुटला. थांबले.
आम्ही वाट बघितली.
"अण्णा, तीन राहिलं."
"मालकाला भाव पसंत न्हाई. माल कसा सोडू?"
टोपी काढून खुंटीला लावली.

मंगळ. १८
ऑपरेशनला नांदेड, आठची गाडी. पिशवीत धोतरं, टॉवेल, रिपोर्ट, भस्माची डबी. पाटी आणि खडू पण घेतलेत, नंतर लागतील.
निघायच्या आधी अर्चूला म्हणलं, एकदा लाव. एका दमात सुरू झालं, कुठं अडकलं नाही. एक, दोन, अर्चूचं विचारणं, यांचं बोलणं. मग नुसता पंखा, माझ्या बांगड्या, यांचा श्वास. बराच वेळ चालतं ते. शेवटचं रिकामं कापू का, तिनं विचारलं. ठेव म्हणलं.
कम्प्यूटर झाकताना हात भस्माकडं गेला. मागं घेतला.
हे दारात उभे आहेत, टोपी घालून.